डायोड लावण्याआधी विचारायचे दोन प्रश्न

माझा पहिला पॉवर सप्लाय जेमतेम पाच मिनिटं चालला. ट्रान्सफॉर्मर १२ व्होल्टचा, ब्रिजचे चारही डायोड बरोबर दिशेने, सोल्डरिंगही बऱ्यापैकी. कपॅसिटर मात्र १६ व्होल्टचा होता. बाराला सोळा म्हणजे पुष्कळ झाले, असा माझा हिशोब. तो आधी कोमट झाला, मग त्याचं डोकं फुगलं, आणि शेवटी फस्स करून त्याने खोलीभर वास सोडला.

चूक कपॅसिटरची दिसत असली तरी मुळात मला डायोड कळला नव्हता. ‘करंट एकाच दिशेने जाऊ देतो’ एवढंच पाठ होतं. सर्किटात डायोड बसवताना खरं तर दोन प्रश्न विचारावे लागतात. डायोड चालू असताना करंट कुठल्या वाटेने जातो आणि किती? आणि तो बंद असताना त्याच्या दोन टोकांमध्ये किती व्होल्ट येतात? खालचे सगळे उपयोग याच दोन प्रश्नांनी सुटतात.

आधी डायोड हातात घ्या

डायोडच्या अंगावर एका बाजूला पट्टी असते. ती बाजू कॅथोड, दुसरी अॅनोड. अॅनोड कॅथोडपेक्षा पुरेसा वर असला की डायोड चालू. सर्किटाच्या चित्रातल्या त्रिकोणासमोरची उभी रेघ म्हणजेच ही पट्टी.

सुरुवातीला तीनच प्रकार जवळ असले तरी भागतं. १एन४००७ हा काळा, जाडसर रेक्टिफायर डायोड. १ अँपिअर आणि उलट्या दिशेने १००० व्होल्ट सोसतो. याच कुटुंबातला १एन४००१ फक्त ५० व्होल्टचा. बाकी गोष्टी सारख्याच, त्यामुळे मी ४००७ सोडून बाकीचे ठेवतच नाही. दुसरा १एन४१४८, काचेचा आणि चिमुकला. करंट काही शे मिलिअँपिअरपर्यंतच, पण चपळ. उलटा झाल्यावर साधारण ४ नॅनोसेकंदांत बंद होतो, तर ४००७ला तेवढ्यासाठी काही मायक्रोसेकंद लागतात. तिसरा १एन५८१९. हा शॉट्की जातीचा, ४० व्होल्ट आणि १ अँपिअरचा. सिलिकॉन जंक्शनऐवजी यात धातू आणि सिलिकॉनचा सांधा असतो, म्हणून ड्रॉप, म्हणजे चालू असताना डायोडवर खर्च होणारे व्होल्ट, कमी.

आता मल्टीमीटर डायोडच्या खुणेवर ठेवा. लाल प्रोब अॅनोडला, काळा पट्टीकडे. ४००७ असेल तर ०.५ ते ०.६ च्या आसपास आकडा येईल, शॉट्कीला ०.१५ ते ०.२५. प्रोब उलटे केले की ‘ओएल’ किंवा डावीकडे नुसता १. दोन्हीकडून शून्याजवळ आकडा आला तर डायोड शॉर्ट, दोन्हीकडून ‘ओएल’ आला तर तुटलेला. बोर्डावर लावलेला डायोड मोजताना शेजारचे पार्ट आकडा बिघडवतात, त्यामुळे शंका आली की एक पाय सोडवून मोजा. जळलेले डायोड बहुतेक वेळा शॉर्ट होऊनच बसलेले सापडतात.

पुढे जाण्याआधी दहा मिनिटांचा एक प्रयोग करून बघाच. ५ व्होल्टच्या सप्लायला १० किलोओहमचा रेझिस्टर आणि ४००७ एकापुढे एक जोडा, पट्टी मायनसकडे. डायोडच्या दोन पायांवर व्होल्टेज मोजा: ०.५ च्या थोडं वर. रेझिस्टर १ किलोओहमचा केला की ०.६ च्या आसपास, आणि १०० ओहमचा केला की ०.७ च्या पलीकडे. करंट शंभरपट वाढला, पण ड्रॉप फक्त ०.२ व्होल्टने. ‘सिलिकॉन डायोडचा ड्रॉप ०.७’ हा आकडा एवढ्यापुरताच खरा आहे. आता १० किलोओहम परत लावा आणि डायोड चिमटीत धरा. मीटरचा शेवटचा आकडा हळूहळू खाली सरकायला लागेल. दर अंश सेल्सिअसला साधारण २ मिलिव्होल्ट. बोटांची ऊब मोजली जातेय! साध्या डायोडचा तापमान सेन्सर याच तत्त्वावर करतात.

एसीचं डीसी: ब्रिज रेक्टिफायर

समोर १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आहे असं धरू. प्रायमरीची (मेन्सकडची) जोडणी नीट इन्सुलेट केलेली, सेकंडरीत (१२ व्होल्टच्या बाजूला) फ्यूज घातलेला. मेन्सला थेट ब्रिज लावून ट्रान्सफॉर्मर वाचवायचा विचार मनातही आणू नका. तसल्या सर्किटाच्या ‘मायनस’ला हात लागला तरी शॉक बसतो.

चार ४००७ घ्या. दोघांच्या पट्ट्या एकत्र जोडा, हा प्लस. उरलेल्या दोघांचे पट्टी नसलेले पाय एकत्र जोडा, हा मायनस. मग पहिल्या जोडीतल्या प्रत्येक डायोडचा मोकळा पाय दुसऱ्या जोडीतल्या एकेकाच्या मोकळ्या पायाला. या दोन सांध्यांवर ट्रान्सफॉर्मरच्या तारा, कुठलीही कुठेही. एक डायोड जरी उलटा बसला तरी प्रत्येक सायकलच्या एका अर्ध्यात ट्रान्सफॉर्मर शॉर्ट होतो, म्हणून वीज देण्याआधी पट्ट्या एकदा बोट ठेवून मोजा.

कपॅसिटर लगेच लावू नका. प्लस-मायनसमध्ये फक्त १ किलोओहमचा अर्ध्या वॅटचा रेझिस्टर लावा आणि मीटर डीसीवर ठेवा. ९ ते ११ व्होल्ट दिसले की ब्रिज ठीक. त्याच्या निम्मेच दिसले तर एखादा डायोड उघडा आहे किंवा त्याचा सांधा कच्चा आहे. कपॅसिटर लावल्यावर हीच चूक झाकली जाते, सप्लाय कमी लोडवर (त्याला जोडलेलं सर्किट कमी करंट ओढत असताना) बरा चालतो आणि लोड वाढला की गुरगुरतो. म्हणून ही तपासणी आधी.

आता कपॅसिटर. १२ व्होल्ट हा आरएमएस, म्हणजे एसीचा परिणामकारक आकडा आहे, लाटेचं टोक १.४१४ पट, म्हणजे १७ व्होल्टवर असतं. ब्रिजमध्ये प्रत्येक क्षणी दोन डायोड वाटेत असतात, त्यांचे १.४ वजा करून साडेपंधरा उरतात. कपॅसिटर त्या टोकापर्यंत भरतो. शिवाय लोड नसताना ट्रान्सफॉर्मर छापलेल्या आकड्यापेक्षा दहा-वीस टक्के जास्त व्होल्टेज देतो आणि डायोडचा ड्रॉपही कमी पडतो. माझा १६ व्होल्टवाला का फुटला ते आता कळलं असेल. इथे कमीत कमी २५ व्होल्टचा कपॅसिटर हवा, ३५चा असेल तर उत्तम.

किती मायक्रोफॅरडचा? दोन टोकांच्या मधल्या वेळात कपॅसिटर एकटा लोड ओढतो. ५० हर्ट्झच्या वीजपुरवठ्यावर ब्रिजची टोकं सेकंदाला १०० येतात. रिपल, म्हणजे त्या मधल्या वेळात व्होल्टेज जेवढं खाली जातं ते, बरोबर लोडचा करंट भागिले (१०० गुणिले फॅरड). अर्ध्या अँपिअरला १००० मायक्रोफॅरड लावला तर रिपल ५ व्होल्ट, २२०० लावला तर सव्वादोन, ४७०० लावला तर एकाच्या जरा वर. हा सूत्राचा आकडा थोडा जास्तीच येतो, पण जास्तीकडे चुकलेलं बरं.

हा आकडा कागदावर का काढायचा, तर पुढे ७८१२ रेग्युलेटर (आउटपुट १२ व्होल्टवर स्थिर धरणारा पार्ट) लावणार असाल तर त्याला आउटपुटपेक्षा साधारण २ व्होल्ट जास्त लागतात, म्हणजे १४. साडेपंधरातून सव्वादोन गेले की उरले सव्वातेरा. रेग्युलेटर दर सेकंदाला शंभर वेळा क्षणभर हात वर करणार आणि स्पीकरमधून हम ऐकू येणार. ४७०० लावला तर जेमतेम १४ वर राहता, तेही वीजपुरवठा कमी झाला नाही तर. मी अशा ठिकाणी सरळ १५ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, ३५ व्होल्टचा कपॅसिटर आणि रेग्युलेटरला हीटसिंक घेतो. तीन-साडेतीन वॅट उष्णता सोसावी लागते, पण रात्रीची झोप नीट लागते.

आणखी एक हिशोब बरेच जण विसरतात. कपॅसिटर फक्त टोकांशी भरतो, त्यामुळे ट्रान्सफॉर्मरमधून करंट मोठ्या, अरुंद झटक्यांत जातो आणि तो जास्त तापतो. ब्रिज आणि कपॅसिटर असेल तर छापलेल्या एसी अँपिअरच्या साठ टक्क्यांच्या आसपासच डीसी घ्यावा. अर्धा अँपिअर हवा, तर ट्रान्सफॉर्मर १ अँपिअरचा.

आता दुसरा प्रश्न: बंद डायोडवर किती व्होल्ट? ब्रिजमध्ये टोकाएवढे, म्हणजे १७. एकाच डायोडचा हाफ वेव्ह सप्लाय केला तर मात्र कपॅसिटर एका बाजूला साधारण १६ वर भरलेला आणि ट्रान्सफॉर्मर दुसऱ्या बाजूला उणे १७ वर, मिळून ३३. सेंटर टॅपवाल्या (सेकंडरीच्या मध्यातून तिसरी तार काढलेल्या) दोन डायोडच्या सर्किटातही असंच दुप्पट येतं. ५० व्होल्टचा ४००१ इथे कसाबसा तग धरेल, पण मुद्दाम कडेवरून का चाला?

एसएमपीएसच्या (वेगाने चालू-बंद होऊन चालणाऱ्या पॉवर सप्लायच्या) आउटपुटला मात्र ४००७ चालत नाही. तिथे दर सेकंदाला पन्नास हजार किंवा जास्त वेळा दिशा बदलते. एक पूर्ण सायकल २० मायक्रोसेकंदांची. त्यातले काही मायक्रोसेकंद डायोड बंदच होत नसेल तर तो उलटा करंट सोडत तापत राहतो. तिथे शॉट्की किंवा यूएफ४००७ सारखा फास्ट डायोड लावतात. दुरुस्तीत ‘व्होल्ट जुळले, अँपिअर जुळले’ म्हणून साधा डायोड ठोकला की तासाभरात तो परत जळतो, त्याचं कारण हेच.

रिलेच्या कॉइलला उलटा डायोड

हा उपयोग मी सगळ्यात महागात शिकलो. महागात म्हणजे वेळेच्या हिशोबाने. पाण्याच्या टाकीचा एक कंट्रोलर केला होता. बीसी५४७ ट्रान्झिस्टर, १२ व्होल्टचा रिले (कॉइलच्या चुंबकाने चालणारा स्विच), डायोड नाही. टेबलावर झकास चालला. तीन आठवड्यांनी रिले चिकटूनच राहिला. ट्रान्झिस्टर शॉर्ट. बदलला, पुन्हा काही दिवस चालला, पुन्हा गेला. मी प्रोग्रामपासून पाण्यातल्या तारांपर्यंत सगळ्यांवर संशय घेतला.

कॉइल आपला करंट एकदम तुटू देत नाही. साधारण ४०० ओहमच्या कॉइलमधून ३० मिलिअँपिअर जात असताना ट्रान्झिस्टर बंद झाला, तरी तेवढाच करंट त्याच दिशेने पुढे ढकलायचा ती प्रयत्न करते. वाट नसली की कॉइलचं खालचं टोक, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर पायाकडचं, १२ च्या वर उसळतं, कधी शंभर-दोनशे व्होल्टच्याही पलीकडे. बीसी५४७ची मर्यादा ४५ व्होल्ट. प्रत्येक वेळी रिले सुटताना तो थोडा मार खात होता.

उपाय असा: डायोडची पट्टी प्लस १२ कडे, दुसरा पाय कॉइल आणि कलेक्टरच्या सांध्याला. एरवी तो उलटा, म्हणून बंद. ट्रान्झिस्टर सुटला की कॉइलचं खालचं टोक १२.७ वर पोचताच डायोड चालू होतो आणि करंट कॉइलमध्येच गोल फिरत विरतो. डायोडमधून किती करंट? कॉइलमधून चालला होता तेवढाच, ३० मिलिअँपिअर. त्यामुळे ४१४८ पुरतो, ४००७ही चालतो. उलटा बसला तर रिले ओढण्याच्या क्षणी सप्लाय थेट डायोड आणि ट्रान्झिस्टरमधून शॉर्ट होईल, म्हणून जोडल्यावर पट्टी प्लसकडेच आहे ना ते बघा.

दोन बारकावे. डायोडमुळे रिले सुटायला काही मिलिसेकंद उशीर होतो. पटकन सोडवायचा असेल तर डायोडच्या सीरिजमध्ये उलट्या तोंडाचा झेनर (ठरावीक व्होल्टला उलट्या दिशेनेही मोकळा होणारा डायोड) घालतात, मग टोक जरा वर जातं आणि करंट लवकर विरतो. २४ व्होल्टचा झेनर घातला तर कलेक्टरवर ३७ व्होल्ट येतील, ४५ च्या आत. दुसरा बारकावा पीडब्ल्यूएमवर (भराभर चालू-बंद करून वेग ठरवण्याच्या पद्धतीवर) चालणाऱ्या मोटारचा. तिथे डायोड सतत काम करतो आणि मोटारचा पूर्ण करंट वाहतो, म्हणून तिथे त्या करंटाला पुरेल असा शॉट्कीच. एसीवर चालणाऱ्या कॉइलला हा डायोड लावायचाच नाही, तो अर्ध्या सायकलला शॉर्ट करेल.

बॅटरी उलटी लागली तर

सोपा उपाय म्हणजे प्लसच्या वाटेत एक डायोड. अर्ध्या अँपिअरला ४००७ वर ०.८ व्होल्टच्या आसपास पडतात आणि ०.४ वॅट उष्णता होते. १२ व्होल्टच्या सर्किटाला हे सहज चालतं, पण ५ व्होल्टच्या सर्किटाचे ४.२ होतात आणि ते रुसतं. ५८१९ घातला तर नुकसान निम्म्याच्या जवळ येतं.

ड्रॉप अजिबात नको असेल तर फ्यूजच्या पुढे म्हणजे सर्किटाच्या बाजूला, प्लस आणि मायनसच्या मध्ये उलटा डायोड लावा, पट्टी प्लसकडे. बॅटरी उलटी लागली की डायोड शॉर्टसारखा वागतो आणि फ्यूज उडतो. फ्यूज उडेपर्यंत तग धरणारा जाड डायोड हवा, ३ अँपिअरचा १एन५४०८ घ्या. फ्यूजशिवाय हे केलंत तर फ्यूजचं काम डायोड स्वतः करील, एकदाच.

अॅडॅप्टर आणि बॅटरी दोन्ही जोडायच्या असतील तर प्रत्येकाच्या प्लसमध्ये एकेक डायोड आणि दोघांच्या पट्ट्या एकत्र. ज्याचं व्होल्टेज जास्त, त्याचा डायोड चालू. दुसरा आपोआप बंद. १२ चा अॅडॅप्टर काढला की ९ ची बॅटरी काही न सांगता काम हाती घेते. मात्र घड्याळाच्या चिपला बटण-सेलचा आधार देताना शॉट्की टाळा. बंद असतानाही त्यातून थोडा करंट झिरपतो, गरम झाला की आणखी जास्त, आणि न भरता येणाऱ्या सेलमध्ये तो उलटा शिरणं वाईट. ४१४८ची गळती नॅनोअँपिअरमध्ये असते.

मायक्रोकंट्रोलरची पिन वाचवणे

बाहेरून येणाऱ्या तारेवर चुकून १२ व्होल्ट आले तर ५ व्होल्टची पिन मरते. तारेत १० किलोओहम घाला. पिनपासून ५ च्या रेलकडे (५ व्होल्ट पुरवणाऱ्या मुख्य तारेकडे) एक ४१४८, पट्टी रेलकडे. मायनसपासून पिनकडे दुसरा, पट्टी पिनकडे. १२ आले की वरचा डायोड पिनला ५.७ च्या आसपास धरतो. करंट किती? (१२ - ५.७) भागिले १० किलोओहम, म्हणजे ०.६ मिलिअँपिअर. काहीच नाही.

फसवणूक इथे होते: हा करंट ५ च्या रेलमध्ये जातो, आणि ७८०५ (५ व्होल्टचा रेग्युलेटर) करंट देतो, परत घेत नाही. सर्किट झोपलेलं असून काही मायक्रोअँपिअरच खात असेल तर रेल हळूहळू वर चढते. बोर्डाची वीज काढूनही एखादा एलईडी मंद जळत राहिलेला पाहिला असेल, तर वीज कुठल्या तरी पिनच्या याच वाटेने आत येत असते. चिपच्या पोटातही असे डायोड असतात.

झेनर: मुद्दाम उलटा

झेनर उलट्या दिशेने ठरावीक व्होल्टला मोकळा होतो, म्हणून पट्टी प्लसकडे. समजा इनपुट ११ ते १४ व्होल्ट हलतो, लोडला ५.१ व्होल्टवर २० मिलिअँपिअर हवेत आणि झेनर चालू राहायला ५ हवेत. रेझिस्टर कमीत कमी इनपुटवर काढा: (११ - ५.१) भागिले २५ मिलिअँपिअर, म्हणजे २३६. जवळचा खालचा २२० ओहम. आता उलट टोक तपासा: इनपुट १४ आणि लोड काढलेला. ८.९ भागिले २२०, म्हणजे ४० मिलिअँपिअर, सगळे झेनरमधून. झेनरवर ०.२ वॅट, रेझिस्टरवर ०.३६. दोन्ही अर्ध्या वॅटचे घ्या. सरासरी १२ व्होल्ट धरून हिशोब केला असता तर २७० आला असता आणि ११ वर झेनर ढेपाळला असता.

एक वॅटचा मोठा झेनर ‘सुरक्षित’ म्हणून घ्यायचा मोह होतो. १एन४७३३ए वर छापलेले ५.१ व्होल्ट ४९ मिलिअँपिअरला मोजलेले असतात, ५ मिलिअँपिअरला तो कमी दाखवतो. अर्ध्या वॅटचे बरेचसे ५ मिलिअँपिअरलाच मोजलेले असतात, इथे तेच बरे. मल्टीमीटरच्या डायोड टेस्टवर झेनरचं व्होल्टेज सहसा दिसत नाही, कारण मीटर पुरेसे व्होल्ट देत नाही. १५ व्होल्ट सप्लाय, १ किलोओहम सीरिजमध्ये, झेनर उलटा, आणि त्याच्या पायांवर मोजा.

सगळ्यात शेवटी रेग्युलेटरवरचा तो एकटा डायोड, जो पुष्कळ जण अनावश्यक म्हणून गाळतात. आउटपुटला मोठा कपॅसिटर असेल आणि इनपुट अचानक खाली बसला, तर आउटपुट इनपुटपेक्षा वर राहतो आणि करंट रेग्युलेटरच्या पोटातून उलटा धावतो. एलएम३१७ किंवा ७८१२च्या आउटपुटपासून इनपुटकडे ४००७, पट्टी इनपुटकडे. रोज तो बंदच असतो. इनपुटचा कपॅसिटर जेव्हा सोल्डरच्या ठिपक्याने शॉर्ट होतो, त्या दिवशी रेग्युलेटरऐवजी करंट त्याच्यातून जातो, आणि तुम्ही ठिपका खरवडून सप्लाय पुन्हा चालू करता.